नापास आजीसाठी नियम

२ फेब्रुवारी, रविवार
नवी डायरी. मागच्या डायऱ्यांत इतरांच्या चुका लिहिण्यात फार पानं गेली. यंदा फक्त कामाचं लिहायचं.

काम एकच. जूनमध्ये अबोलीची बाळंतपणाची रजा संपते. ती बँकेत परत गेली की ट्रिशाला दिवसभर कोण सांभाळणार? पाळणाघर नको, यावर अबोली आणि जावई ॲश्टन यांचं एकमत आहे. (दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट असावी.) उमेदवार दोन.

एक मी. मुलुंडच्या शाळेत सारी नोकरी, शेवटी सुपरवायझर. बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. थंड पाण्याने अंघोळ, साखर बंद, रोज फिरणं.

दुसरी ॲश्टनची आई, एथेल बॅप्टिस्ट. मरोळ गावठाणात राहते, म्हणजे अबोलीच्या बिल्डिंगपासून रिक्षावाला नाही म्हणेल इतक्या जवळ. हा तिचा फायदा. बाकी सगळे तोटे. चालताना धापा. रविवारी चर्चमध्ये मास झाली की वाइन. घरात कुत्रा आणि कोंबड्या, आणि येईल त्या माणसाला मिठी मारायची सवय. टपालवाल्यालासुद्धा.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, माझ्याकडे झालं. अबोली पंधरा दिवस राहून अंधेरीला निघून गेली. तिकडे हवा खेळती आहे. मधुकर म्हणाला, हवेचं काही नाही गं, ती दूध पाजायची तेव्हा तू घड्याळ घेऊन समोर बसायचीस. मधुकर माझा नवरा. कॉलेजात एका बाकावर होतो, म्हणून नावाने हाक मारते. निरीक्षण तेव्हाही कच्चं होतं.

संकल्प: प्राणायाम. मधुकरशी वाद नाही. एथेलबाईंबद्दल वाईट बोलायचं नाही, फक्त वस्तुस्थिती सांगायची.

दिवाळीपासून शिंका येत आहेत. माळ्यावरची धूळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान. वक्ता आमचाच निहार. आठवी ब. विज्ञानात कसाबसा पास. आता डॉक्टर आहे, कुठल्यातरी संशोधन संस्थेत. शिक्षण खात्याने वेळीच लक्ष दिलं असतं तर असं झालं नसतं.

विषय मात्र चांगला. जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात एक बारकासा विषाणू असतो म्हणे. आजार करत नाही, नुसता राहतो. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर नजर ठेवून असते. तो रक्तात किती आहे हे मोजलं, की ती प्रतिकारशक्ती किती म्हातारी झाली याचा अंदाज करता येतो. माणसाचं वय वेगळं, त्याच्या पहारेकऱ्याचं वय वेगळं. मग तो म्हणाला, आता हा आकडा जितका... आणि पडद्याकडे वळला. मी तिथल्या तिथे सांगितलं, निहार, श्रोत्यांकडे पाठ करून बोलू नये. तो गडबडला, सॉरी बाई म्हणाला, आणि पुढची स्लाइड लावली. अजून ऐकतो. चांगलं आहे.

घरी येताना सुचलं. भावनेने निर्णय घ्यायचेच कशाला? दोन्ही आज्यांचं रक्त तपासा. जिचा पहारेकरी तरुण, तिच्याकडे बाळ. याला म्हणतात वैज्ञानिक दृष्टिकोन.

९ फेब्रुवारी, रविवार
अंधेरीला गेले. एथेलबाई होत्याच. असतातच. ट्रिशा त्यांच्या पोटावर पालथी झोपलेली. पोट म्हणण्यापेक्षा गादी.

प्रस्ताव मांडला. ॲश्टन मला म्हणाला, आई, त्यापेक्षा टॉस करा ना. एथेलबाई हसल्या. म्हणाल्या, अगो वसुधाबाय, माजे रक्तान विषाणू नाय मिलायचा, बोंबलाचा वास मिलंल. अबोली म्हणाली, काय करायचं ते करा, पण मी पाजत असताना दोघींनी फोन करायचा नाही. याला मी होकार समजते.

निकालानंतर भांडण नको म्हणून नियम तिथेच लिहून काढले.

हरलेल्या आजीने फक्त रविवारी, चार ते सहा यायचं.
दारातल्या, चपला घालायच्या खुर्चीवर बसायचं. उशी मिळणार नाही.
मास्क.
बाळाला हात लावायचा नाही.
सल्ले नाहीत. गाणं नाही.
एक नियम मोडला तर पुढचा रविवार रद्द.

उशीचं कलम एथेलबाईंमुळे घालावं लागलं. त्या म्हणाल्या, मी हरले तं मना खुर्ची तरी मऊ द्या गो. अशा सवलतींनीच शिस्त जाते. गाण्याचं कलमही त्यांच्यासाठीच. मी गात नाही. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. एथेलबाईंनी सहीपुढे छोटा क्रूस काढला. कागद फ्रिजला, चर्चमधल्या मोत माउलीच्या मॅग्नेटखाली.

ॲश्टन जिन्यात म्हणाला, आई, ममाला हे फार लागेल हां. मी म्हटलं, लागण्यासाठीच नियम असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
रक्त दिलं. निहारच्या टीमने संघाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. एथेलबाई मरोळहून निहारसाठी कोलंबीच्या लोणच्याची बाटली घेऊन आल्या. परीक्षकाला लाच. शिवाय त्याला मिठी. तोही लाजत लाजत मिठीत गेला. माझ्या वर्गात हा मुलगा कुणाशी डोळे भिडवत नव्हता.

मधुकरनेही रक्त दिलं. रक्त दिल्यावर बिस्किटं होती.

मी निहारला प्रकरण सांगितलं. तो गंभीर झाला. म्हणाला, बाई, हा अभ्यास आहे, शेकडो माणसांचा. एकेका माणसाचा निवाडा करायला हा आकडा वापरू नका. मी म्हटलं, निकाल लावणाऱ्याने शेरे मारू नयेत. तो म्हणाला, निदान तो वाचायचा कसा ते तरी... मी म्हटलं, निहार, तुला गुणाकार कुणी शिकवला? त्याने पुढच्याला बोलावलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
सर्दी. गेल्या महिन्यातली वेगळी होती, ही नवी. खोकलाही. मधुकरला काहीच नाही. आम्ही एकाच खोलीत, एकच हवा. विचार केला तेव्हा लक्षात आलं: माझं शरीर लढतं, म्हणून लक्षणं दिसतात. मधुकरचं शरीर लढतच नाही. विषाणू येतात, बघतात, काही चाललेलं नाही म्हणून निघून जातात.

प्राणायाम उद्यापासून. नाक मोकळं झालं की.

१२ मार्च, बुधवार
निकाल.

मी सहा. एथेलबाई तीन. मधुकर दोन.

खाली लिहिलंय की एक अंक वाढला की एक शून्य वाढतं. म्हणजे माझ्याकडे एथेलबाईंच्या हजारपट. हजारपट. मी गुणपत्रिका पुष्कळ पाहिल्या, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात एवढं अंतर कधी पाहिलं नाही.

अर्थ उघड आहे. लस घेतल्यावर अँटिबॉडी मोजतात, जास्त ते चांगलं. हिमोग्लोबिन, जास्त ते चांगलं. टक्के, जास्त ते चांगलं. तालमीत पैलवान जितके जास्त, तितकी तालीम कसलेली. माझा पहारेकरी रोज एवढ्या गर्दीशी कुस्ती खेळतो आणि तरी उभा आहे. एथेलबाईंच्या रक्तात खेळायला कुणी आलंच नाही. मधुकरबद्दल बोलायला नको. त्याला सांगितलं, जपून राहा, तुझं काही खरं नाही. आरेच्या झाडीत फिरायला जाणं बंद, वारं लागेल. संध्याकाळची भजीही बंद. तो म्हणाला, बरं. लगेच आडवा झाला.

बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. तळमजल्यावरच्या शकुने विचारलं, कसले गं पेढे? म्हटलं, ब्लड टेस्टमध्ये पहिली आले. ती म्हणाली, असं पण असतं? तिचं शिक्षण बेताचं.

निहारचे फोन येत आहेत. घेतले नाहीत. यशानंतर विद्यार्थ्यांना बाई आठवतात. त्याने मेसेज केला, बाई, प्लीज एकदा बोला. मी उत्तर पाठवलं: अभिनंदन पोचलं.

१६ मार्च, रविवार
जूनपर्यंत थांबायचं कारण नाही. सवय लागली पाहिजे. आजपासून नियम लागू केले.

अबोली म्हणाली, आई, हा वेडेपणा आहे. ॲश्टन बाल्कनीत जाऊन उभा राहिला. पण एथेलबाईच म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, मी सबद दिलाय ना? आणि मास्क लावून चपलांच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची एका बाजूने भरून वाहत होती. ट्रिशा माझ्या मांडीवर. दारातून येणारी धाप ऐकून ती सारखी मान वळवत होती. मी तिला पाठमोरी घेतलं.

नेटका रविवार.

२३ मार्च, रविवार
एथेलबाई मास्कच्या आत काहीतरी पुटपुटत होत्या. लय होती. विचारलं, तर रोझरी. मी फ्रिजकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, ही प्रार्थना हाय गो, गाणं नाय. मी म्हटलं, चाल आहे. चाल आहे तिथे गाणं आहे. पुढचा रविवार रद्द केला.

त्या उठल्या. उठायला वेळ लागला, पाय आखडले होते. बरोबर आणलेला डबा दारातच ठेवला. मधुकरने तो उघडला आणि जागेवर संपवला. स्वाभिमान नाही.

अबोली माझ्याशी बोलली नाही. थकते बिचारी. जूनमध्ये मी आले की सगळं रुळावर येईल.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा
निहार घरी आला. साखरेची गाठी घेऊन. पाया पडला, बसला, आणि म्हणाला, बाई, आज मला पूर्ण बोलू द्या. सणाचा दिवस म्हणून बोलू दिलं.

त्याचं म्हणणं असं. पहारेकरी जागा असला की विषाणू दबून राहतो, आकडा लहान. पहारेकऱ्याला डुलक्या लागल्या की विषाणू मोकळा सुटतो, आकडा मोठा. म्हणजे लहान चांगला. मोठा वाईट.

मी म्हटलं, आठवी ‘ब’ला पेपर उलटा धरून वाचायची सवय आहे. त्याने बॅगेतून कागद काढले. मी चष्मा लावून वाचले. शास्त्रज्ञांना सोपं लिहिता येत नाही, पण चिडून वाचलं तरी अर्थ तोच निघत होता.

मधुकर श्रीखंड खात होता. म्हणाला, म्हणजे मी पहिला? निहार म्हणाला, काका, तुमचा आकडा आमच्या पूर्ण गटातल्या सगळ्यांत लहानांपैकी आहे. मधुकरने आणखी श्रीखंड घेतलं.

निहार पुढे म्हणाला, बाई, घाबरू नका, एका आकड्यावरून माणूस ठरत नाही, पण सारखी सर्दी होतेय तर डॉक्टरांना दाखवा, आणि नागिणीची लस घ्या. मी म्हटलं, नागीण म्हाताऱ्यांना होते. तो माझ्याकडे बघत राहिला. नजर भिडवायला शिकलाय.

३१ मार्च, सोमवार
शांतपणे विचार केला. निहार स्वतःच म्हणाला होता की या आकड्यावरून एकेका माणसाचा निवाडा करू नये. हे मी पहिल्यापासून मानत आले आहे. विज्ञानात एका आकड्याला काडीची किंमत नसते. त्यामुळे हा आकडा कुणाला सांगायचं कारण उरत नाही.

नियमांचं काय? नियम आकड्यामुळे नाहीत. शिस्तीमुळे आहेत.

निहारला मेसेज: रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे तुझं कर्तव्य आहे. मधुकरला शपथ घातली. त्याने बदल्यात आरेतलं फिरणं आणि संध्याकाळची भजी परत मागितली. दिली. वाटाघाटीत मी मोठ्या मनाची आहे.

१३ एप्रिल, रविवार
एथेलबाईंचा पाम संडे. चर्चमधून झावळीचा बारीक क्रूस विणून आणला होता, बाळासाठी. हात लावायचा नाही म्हणून खुर्चीतूनच तो धरून बसल्या, लांबवलेला हात तसाच. शेवटी ॲश्टनने येऊन घेतला. म्हणाला, ममा, चल, घरी सोडतो. त्या म्हणाल्या, अजून सहा नाय वाजले.

मला तिकडे बघवेना. मास्क फार कळकट होता.

त्यांनी विचारलं, वसुधाबाय, तुजी तब्येत बरी हाय ना? बारीक दिसतंस. हा सल्ल्यात मोडतो का, यावर विचार केला. सोडून दिलं.

२२ एप्रिल, मंगळवार
डाव्या कुशीत आग. आतून, बरगडीच्या रेषेत. ब्लाउज घट्ट शिवलाय. शिंपी बदलायचा.

रविवारी ट्रिशाचा बाप्तिस्मा. संध्याकाळी गावठाणात एथेलबाईंच्या घरी जेवण. तिथे जाहीर करायचं की जूनपासून मी अंधेरीला राहायला येते. सगळ्यांसमोर जाहीर झालं की बदलता येत नाही. भाषण तयार आहे. थोडक्यात, तीन मुद्दे.

२५ एप्रिल, शुक्रवार
कुशीवर पट्टा. पाण्याचे फोड. मधुकरने पाहिलं आणि म्हणाला, अगं ही नागीण. मी म्हटलं, घामोळं. तो म्हणाला, माझ्या आईला झालेली, असंच होतं, बाळाजवळ जाऊ नको, बाळाला कांजिण्या होतील. मी म्हटलं, सूक्ष्मजीवशास्त्र तुझं की माझं? ही साबणाची ॲलर्जी आहे. साबण तूच आणतोस.

तरी काळजी घेतली आहे. वर ब्लाउज, त्यावर पदर, त्यावर शाल. इतक्या थरांतून काय बाहेर येणार?

झोपताना त्या बाजूला वळता येत नाही. उभं राहून लिहिते आहे. उभं राहून लिहिलं की अक्षर सुधारतं.

२७ एप्रिल, रविवार
क्रमाने लिहिते.

चर्चमध्ये ठीक झालं. ट्रिशा पांढऱ्या झग्यात. डोक्यावर पाणी पडलं तरी रडली नाही. माझ्यावर गेली आहे.

संध्याकाळी गावठाण. अंगणात मांडव, बँड, उकडलेले चणे, खोबरं, वाइन, पिठाचे तळलेले फुगे, मटणाचं काहीतरी लालभडक. सगळं मरोळ आलेलं. निहारही. त्याला एथेलबाईंनी बोलावलं होतं, लोणचं आवडलं म्हणून. मी त्याच्याकडे एक नजर टाकली. त्याने ताट उचललं आणि कोपऱ्यात गेला. मधुकर दुसऱ्या ग्लासावर. मी शाल घेऊन खुर्चीत, ट्रिशा मांडीवर, उजव्या बाजूने. डावी बाजू कुणाला लागू न देता मी तासभर हसत होते. हे सगळ्यांना जमत नाही.

भाषणासाठी उभी राहिले. बाळ हातात. पहिला मुद्दा निम्मा झाला होता. तेवढ्यात एथेलबाई समोरून आल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, आज कसला रविवार नि कसला नियम, आज आपली पोर देवाची झाली. आणि मिठी मारली. बाळासकट. पूर्ण ताकदीने. डाव्या बाजूने.

मी ओरडले. कुत्रा भुंकायला लागला. बँडवाल्याने वाजवणं थांबवलं.

एथेलबाई घाबरून मागे झाल्या, मग पुढे झाल्या, शाल बाजूला केली, पदर बाजूला केला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, बाय गो, हिला तं नागीन झालीय.

अबोली कधी आली कळलं नाही. ट्रिशा माझ्या हातात होती, मग नव्हती. अबोली बाळाला छातीशी धरून आत गेली आणि दार लावलं. आतून कडीचा आवाज आला.

ॲश्टनने निहारला विचारलं, डॉक्टर, हे असं अचानक कसं? ह्यांची इम्युनिटी तर टॉप होती ना? निहार चणे चघळत राहिला. कर्तव्याला जागला, हे नोंदवते. मधुकर जागला नाही. म्हणाला, टॉप कसली, हिचा शेवटून पहिला नंबर आहे. पाडव्यालाच कळलंय आम्हाला. ही म्हणाली सांगू नको. आणि ही नागीण शुक्रवारपासून आहे.

मग म्हणाला, फुगे आहेत का अजून?

कुणीतरी मला प्लास्टिकची खुर्ची दिली, मांडवाबाहेर, विहिरीपाशी. एथेलबाई ताट घेऊन आल्या. ताट मांडीवर ठेवलं आणि थोड्या लांब उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मग त्या रविवारीं तुला म्हाईत होतं? पाम संडेला?

मी म्हटलं, मटण तिखट आहे.

२९ एप्रिल, मंगळवार
गोळ्या सुरू. डॉक्टर म्हणाल्या, लवकर यायला हवं होतं. सगळे डॉक्टर असंच म्हणतात.

ट्रिशाला बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं. लक्ष ठेवायला सांगितलंय. अबोलीने हे मेसेजने कळवलं. फोन केला तर घेतला नाही. पाजत असेल. त्या वेळी फोन करायचा नाही असं ठरलेलंच आहे.

मधुकरला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, आणि त्याचा आकडा माहीतच आहे. बाळाला बघून येतो म्हणून काल अंधेरीला गेला. अजून आला नाही.

११ मे, रविवार
ट्रिशाला काही झालं नाही. ठणठणीत. मी सांगितलंच होतं, इतक्या थरांतून काही बाहेर येत नाही. हे अबोलीला कळवलं. तिने मेसेज वाचल्याची निळी खूण आली. उत्तर येईल.

फोड सुकले. दुखणं गेलं नाही. कापड लागलं तरी विजेसारखी कळ. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या वयात ही कळ काही महिने राहू शकते. वयाचा उल्लेख अनावश्यक होता.

मधुकर आला, फक्त कपडे न्यायला. वजन वाढलंय, रंग उजळलाय. एथेलबाई सकाळी अंधेरीला येतात, दोघं मिळून बाळाला न्हाऊ घालतात. ट्रिशा त्याच्या टकलावर हात मारते. दुपारी बांगडा. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणतात का? तो पिशवीत बनियन भरत होता. म्हणाला, एथेल विचारते, हिच्या जेवणाचं काय? बाकी कुणी नाही विचारत.

एथेल. बाई नाही.

२ जून, सोमवार
अबोली आजपासून बँकेत. बाळ सांभाळायला एथेलबाई आणि मधुकर. मला शकुकडून कळलं. तिला मधुकरने फोनवर सांगितलं, आमचा रतीब बंद असं दूधवाल्याला तिच्याकडून कळवायचं होतं म्हणून.

राग नाही. नियमाने हरलेल्या आजीला रविवार मिळतो. तेवढा तरी ठरलेला आहे. अबोलीला मेसेज: येत्या रविवारपासून येऊ? 

४ जून, बुधवार
अबोलीचं उत्तर: पंधराला ये.

मास्क आणले. चांगल्यातले.

१५ जून, रविवार
गेले. पाच मिनिटं आधी पोचले, म्हणून जिन्यात थांबले.

चपलांची खुर्ची तशीच, दारात. बसले. डावीकडे भिंत, टेकता येत नाही. उजवीकडे चपलांचं कपाट. पुढे सरकून बसलं तर पाठ धरते. मी खुर्चीवर बसून पाहिलं नव्हतं, ही नियम करताना राहून गेलेली गोष्ट.

एथेलबाई आतून उशी घेऊन आल्या. अबोलीने त्यांच्या हातातून घेतली आणि सोफ्यावर ठेवली. एथेलबाई म्हणाल्या, पोरी, तो कागद फाड गो आता. मी तेवा पण फाडणार होते. अबोली म्हणाली, राहू दे ममा. माझ्या आईने विचार करून लिहिलाय.

एथेलबाईंना ममा म्हणते. मला माझी आई म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

एका अर्थी समाधान वाटलं. शिस्त मुलीत उतरली आहे. त्या घरात आजही नियम माझेच चालतात.

ट्रिशा मोठी झाली आहे. मधुकरच्या पोटावर बसून पायाचा अंगठा तोंडात घालत होती. माझ्याकडे पाहिलं. मास्क पाहिला. ओठ काढले. मधुकर म्हणाला, अगं आजी आहे ती, घाबरू नको. ती रडली. एथेलबाईंनी उचललं, तरी थांबेना. मी दारात बसून काय करणार? माझ्याही नकळत, मास्कच्या आतल्या आत, अबोली लहान असताना म्हणायचे ती अंगाई सुरू झाली. मी गात नाही. आवाजही नव्हता, नुसता घसा.

ट्रिशा गप्प झाली. खरंच झाली. मान वळवून दाराकडे बघत राहिली.

अबोलीने फ्रिजकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, मी गात नव्हते. ती म्हणाली, आई, चाल होती.

पुढचा रविवार रद्द. एथेलबाई रडायला लागल्या. मधुकर म्हणाला, जाऊ दे ना अबोली. मीच त्याला गप्प केलं. नियम स्पष्ट आहे.

२२ जून, रविवार
घरीच.

मास्क धुऊन वाळत घातला.